टायमिंग लावलं की महिन्याभरात परत मागे: जुन्या एमजीबीत नेमकं काय हलून राहिलं ते कसं शोधायचं

राजेहो, ज्याच्याकडे जुनी पॉइंटवाली (डिलकोत ठिणगीसाठी उघडझाप करणारा स्विच असलेली) गाडी आहे त्याला हा त्रास लगेच ओळखू येईल. टायमिंग (प्लगमध्ये ठिणगी पडायची वेळ; लवकर म्हणजे पुढे, उशिरा म्हणजे मागे) लावलं, गाडी एकदम मोकळी झाली, वर्धा रोडवर थर्डमध्ये पाय दाबला की नुसती सुटते, आणि मग हळूहळू तिचा जीव जायला लागतो, पिकअप मरतो, टेम्परेचरचा काटा नेहमीपेक्षा वर, उतारावर पाय सोडला की सायलेन्सरमधून फटाके, म्हणून मिस्त्रीकडे न्या, तो डिलकोचा (म्हणजे डिस्ट्रीब्यूटर, प्लगना ठिणगी वाटणारा भाग) क्लॅम्प ढिला करतो, कान लावून थोडा फिरवतो, क्लॅम्प आवळतो, गाडी परत मस्त. आणि काही आठवड्यांनी परत तेच. असं वर्षभर चाललेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत आणि माझ्या स्वतःच्या एमजीबी रोडस्टरमध्ये (उघड्या टपाची इंग्लिश स्पोर्ट्स गाडी), १९६९ ची, हाच प्रकार होता, म्हणून हे सविस्तर लिहून राहिलो.

माझं म्हणणं एकच आहे. टायमिंग आपोआप सरकत नाही, काहीतरी झिजतं, ढिलं होतं किंवा अडकतं तेव्हा ते सरकतं. घड्याळ रोज मागे पडत असेल तर रोज काटा पुढे करून घड्याळ दुरुस्त होत नाही. त्यामुळे क्लॅम्पला हात लावायच्या आधी, म्हणजे गाडी बिघडलेल्या अवस्थेत असतानाच, तीन आकडे वहीत लिहून घ्या: ड्वेल (पॉइंट जितक्या डिग्री बंद राहतो तो आकडा) किती, स्लोमध्ये (पाय सोडून गाडी उभी चालू असताना) टायमिंग किती, आणि ३५०० आरपीएमला टायमिंग किती. डिलकोला येणारी व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करून घ्यायचे हे आकडे, नाहीतर काहीच कळत नाही. डिलको एकदा फिरवला की सगळा पुरावा गेला. मग काय बिघडलं होतं ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

आता गाडीबद्दल थोडं, कारण नागपुरात लोक विचारतात की असली गाडी इथे कोण पाहणार. एमजीबी इंग्लंडमध्ये अ‍ॅबिंग्डनला १९६२ ते १९८० बनली, इंजिन १७९८ सीसी, बीएमसीचं बी सिरीज. आणि आपल्या अ‍ॅम्बेसेडरचं जुनं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन हे त्याच खानदानातलं. ब्लॉकची ठेवण तीच, डिस्ट्रीब्यूटर कॅमशाफ्टवरून चालतो तेही तसंच, फायरिंग ऑर्डर १-३-४-२ तीच. म्हणजे ज्या मिस्त्रीनं आयुष्यभर अ‍ॅम्बेसेडर टॅक्सी आणि सरकारी गाड्या केल्या त्याला या इंजिनाची भीती वाटायचं कारण नाही, आणि असे हात आपल्या शहरात अजून आहेत, त्यांचा मान ठेवा. फक्त एक फरक त्यांना आधीच सांगायचा. एमजीबीच्या हाय कॉम्प्रेशन इंजिनाचं कॉम्प्रेशन ८.८ ला १, अ‍ॅम्बेसेडरपेक्षा बरंच जास्त, त्यामुळे "नॉकिंग येईपर्यंत पुढे न्या आणि मग जरा मागे घ्या" ही कानावरची पद्धत इथे धोक्याची आहे (नॉकिंग म्हणजे पेट्रोल आपोआप भडकून होणारा खडखडाट). वरच्या आरपीएमला होणारं नॉकिंग वाऱ्याच्या आणि सायलेन्सरच्या आवाजात ऐकूच येत नाही आणि पिस्टन मात्र खातं. आणि अ‍ॅम्बेसेडरचा अख्खा डिलको उचलून यात बसवू नका, बसला तरी आतले वजन आणि स्प्रिंग (वेग वाढला की टायमिंग पुढे नेणारे) वेगळे असतात, अ‍ॅडव्हान्स (टायमिंग किती पुढे जातं ते) वेगळा येतो.

सामान फार लागत नाही. फिलर गेज, टायमिंग लाइट, ड्वेल दाखवणारा मल्टीमीटर, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, शिंप्याची टेप आणि पांढरा रंग.

पहिलं काम, पुलीवरची टायमिंग दाखवणारी खूण खरी आहे का ते पाहणे. हे कोणी करत नाही आणि इथेच अर्धे लोक फसतात. क्रँकच्या पुलीत आतला भाग आणि बाहेरची रिंग यांच्यामध्ये रबर असेल तर पन्नास वर्षांत ते रबर सुटतं आणि बाहेरची रिंग सरकते, खूण तिच्यावर असल्यामुळे खूणही सरकते. मग तुम्ही लाइट मारून अगदी १४ डिग्री (पिस्टन टॉपला, म्हणजे सगळ्यात वर, यायच्या आधी) लावली तरी खरं टायमिंग ८ असू शकतं नाहीतर २०. तपासायला सगळे प्लग काढा, एक नंबरच्या (रेडिएटरकडच्या) प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप लावा, जुन्या प्लगचं सिरॅमिक काढून त्यात बोल्ट बसवून लेथवाला असा स्टॉप सहज करून देतो. मग इंजिन हातानं हळू फिरवा, पिस्टन टेकला की पुलीवर खूण करा, उलट फिरवा, परत टेकला की दुसरी खूण. दोन खुणांच्या बरोबर मध्ये खरा टॉप. स्टार्टर मारायचा नाही यावेळी, पिस्टनला भोक पडेल. आधीच्या गाड्यांत खूण आणि काटे पुलीच्या खालच्या बाजूला असतात, गाडी वर उचलल्याशिवाय धड दिसत नाहीत, म्हणून मी वरच्या बाजूला स्वतःचा काटा लावून घेतला. डिग्रीच्या खुणा हव्या असतील तर टेपनं पुलीचा घेर मोजा, त्याला ३६ ने भागा, ते झाले १० डिग्री. घेर ४३० मिमी भरला तर १० डिग्री म्हणजे जवळपास १२ मिमी. एवढं सोपं आहे.

खूण खरी निघाली की मग ड्वेल. नेहमी आधी ड्वेल आणि मग टायमिंग, उलट कधीच नाही, कारण पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंग बदलतं पण टायमिंग बदललं म्हणून गॅप बदलत नाही. लुकास २५डी४ डिस्ट्रीब्यूटरला पॉइंट गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, म्हणजे १४ ते १६ थाउ (इंचाचा हजारावा भाग), आणि ड्वेल ६० डिग्री, तीन इकडे तीन तिकडे. हिशोब लक्षात ठेवा: गॅप कमी झाला की ड्वेल वाढतो आणि टायमिंग मागे जातं, आणि ड्वेल एक डिग्री वाढला की टायमिंग क्रँकवर एक डिग्री मागे. म्हणजे बिघडलेल्या गाडीचा ड्वेल ६६ आणि लावला तेव्हाचा ६०, आणि टायमिंगही बरोबर ६ नं मागे गेलेलं, तर डिलकोचा क्लॅम्प, टायमिंग चेन (क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारी), स्प्रिंग सगळे निर्दोष आहेत, चोर पॉइंटमध्ये आहे. हे गणित जुळलं तर तपास तिथेच संपतो, म्हणून मी सुरुवातीला आकडे लिहायला सांगून राहिलो.

आणि हाच सगळ्यात जास्त भेटणारा प्रकार आहे, हळूहळू एकाच दिशेनं मागे जाणारं टायमिंग. पॉइंटची टाच, म्हणजे डिलकोच्या शाफ्टवरच्या चार टोकांच्या कॅमवर घासणारा तो फायबरचा नाहीतर प्लास्टिकचा तुकडा, झिजतो. टाच झिजली की पॉइंट कमी उघडतो. थोडी झीज सगळ्यांचीच होते पण हजारो किलोमीटरमध्ये, काही आठवड्यांत नाही. इतक्या लवकर होत असेल तर दोन कारणं पाहा. एक, कॅमवर ग्रीस नाही किंवा आहे ते नागपूरच्या उन्हाळ्यात वितळून उडालं. साधं चासीचं ग्रीस लावू नका, जास्त तापमान सहन करणारं घ्या आणि अगदी नखावर येईल एवढंच लावा, जास्त लावलं तर ते उडून पॉइंटच्या तोंडावर बसतं आणि मग मिसिंग. दोन, पॉइंटच हलका आहे. बाजारात मिळणाऱ्या काही पॉइंटची टाच इतकी मऊ असते की नखानं खरडली तर ओरखडा उमटतो, असा पॉइंट डबीतूनच परत करा, दुकानदाराशी वाद झाला तरी चालेल. कॅमला गंज असेल, इथे पावसाळ्यात गाडी दोन-तीन महिने उभी राहते तेव्हा तो येतोच, तर नवीन चांगली टाचही तो कानशीसारखी घासून टाकतो. बारीक पॉलिश पेपरनं तेलात कॅम गुळगुळीत करा, पण घासून त्याचा आकार बदलू नका.

माझ्या गाडीत मात्र गणित जुळलं नाही. ड्वेल थोडा वाढलेला होता पण टायमिंग त्याच्या दुपटीपेक्षा जास्त मागे, आणि लाइटमध्ये खूण एका जागी थांबतच नव्हती, दोन-तीन डिग्रीत नाचून राहिली होती. खूण नाचली की हळू झीज विसरा आणि डिलकोच्या शाफ्टकडे पाहा. कॅप आणि रोटर (आत फिरून ठिणगी वाटणारा तुकडा) काढा, शाफ्टचं वरचं टोक दोन बोटांत धरून आडवं हलवा, रोटरच्या गोल फिरण्याच्या दिशेनं नाही, तिथे स्प्रिंगची हालचाल असणारच, अगदी सरळ आडवं. हाताला खट्खट् जाणवलं तर खालचा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) गेला. खात्री करायला कॅमच्या चारही टोकांवर गॅप मोजा, एकावर १५ थाउ आणि समोरच्यावर ११ असं निघालं तर शाफ्ट मधोमध फिरतच नाहीये. तिसरी खूण म्हणजे ड्वेल स्लोमध्ये एक आणि २००० आरपीएमला दुसराच, तीनपेक्षा जास्त डिग्रीचा फरक. अशा डिलकोत तुम्ही कितीही महागाचा पॉइंट टाका, टाच एका बाजूनं जास्त दाबली जाऊन लवकर झिजणारच, म्हणजे आधीचा आजारही इथूनच जन्मतो. माझ्यात दोन्ही एकत्र होते.

याचा इलाज नवीन डिलको हाच नाही. बुश सच्छिद्र ब्राँझचा असतो, तेल पिणारा. हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला लेथवर काम करणारे असे बुश करून देतात, फक्त त्यांना स्पष्ट सांगायचं की साधं भरीव ब्राँझ नको, तेल शोषणारंच हवं, आणि बसवायच्या आधी ते इंजिन ऑइलमध्ये पूर्ण एक दिवस बुडवून ठेवायचं. शाफ्टवरच घळ पडली असेल तर नुसता बुश बदलून उपयोग नाही, शाफ्टही पाहावा लागतो. एक गोष्ट फार महत्त्वाची: खाली जो ड्राइव्ह डॉग आहे, त्याची जीभ मधोमध नसते, एका बाजूला सरकलेली असते. पिन काढायच्या आधी रोटरच्या खाचेच्या दिशेनं त्यावर खूण करून ठेवा. उलटा बसला तर रोटर बरोबर समोरच्या सिलिंडरकडे पाहतो, आणि गाडी का सुरू होत नाही म्हणून लोक अख्खं इंजिन उघडायला निघतात.

आता तिसरा आकडा. स्लोमध्ये टायमिंग बरोबर पण ३५०० ला चुकतं, हा वेगळाच आजार. या गाडीला स्टॅटिक (इंजिन बंद असताना) १० डिग्री, आणि लाइटनं ६०० आरपीएमला १४ (वजनं तेवढ्या वेगातच थोडी उघडलेली असतात म्हणून हा चारचा फरक), आणि व्हॅक्यूमशिवाय वर जाऊन एकूण साधारण ३० ते ३४. वर २२ लाच थांबून राहिलं तर वजनं जाम झाली, खाली जुनं ग्रीस वाळून डिंक झालेलं असतं, बेस प्लेट काढून रॉकेलनं धुवा आणि पातळ तेलाचे दोन थेंब. उलट स्लोमध्येच खूण वर चढून बसली आणि थ्रॉटल सोडल्यावर खाली यायला वेळ लागला तर स्प्रिंग ताणल्या आहेत. इथे एक सावधगिरी: दोन स्प्रिंगपैकी जाड स्प्रिंगचा कडा लांबट असतो आणि ती ढिली दिसते. ती तशीच असायला हवी, खालच्या वेगाला एक स्प्रिंग काम करते आणि वर गेल्यावर दुसरी लागू होते. एका कुशल माणसानं पक्कडनं तो कडा दाबून "दुरुस्त" केलेली गाडी मी पाहिली आहे, ती वरच्या आरपीएमला कधी पळलीच नाही. स्प्रिंग वाटेल त्या जोडीच्या बदलू नका, तुमच्या डिलकोच्या अंगावर जो नंबर कोरला आहे त्याच नंबरच्या शोधा.

व्हॅक्यूम युनिटची तपासणी दोन मिनिटांची. नळी तोंडात धरून ओढा, आतली प्लेट सरकली पाहिजे आणि जीभ लावून नळी बंद ठेवली तर तिथेच थांबली पाहिजे. परत आली तर आतला पडदा फाटला. याचा त्रास सिग्नलवर दिसत नाही, समृद्धीवर नाहीतर अमरावती रोडला एकसारख्या वेगानं जाताना गाडी जड वाटते आणि अ‍ॅव्हरेज पडतो. हीच प्लेट सारखी पुढे-मागे होते म्हणून तिची अर्थची विणलेली बारीक तार आतून तुटते, वरून कापड शाबूत दिसतं. मग गाडी थ्रॉटल दिल्यावरच मिस करते आणि सगळे टायमिंगला दोष देतात. ओहम मीटरनं प्लेट ते बॉडी मोजा आणि मोजताना प्लेट हलवा.

खूण एकदम ५-७ डिग्री सरकली आणि परत कधी हलली नाही, तर क्लॅम्प ढिला होता, बस. क्लॅम्पचा बोल्ट भरपूर आवळूनही बॉडी हातानं फिरते का पाहा, क्लॅम्पची प्लेट वाकली असेल तर बोल्ट पूर्ण आवळला तरी पकड नसते. नवीन प्लेट स्वस्त आहे. २५डी४ ला व्हॅक्यूम युनिटच्या बाजूला एक खाचांचं छोटं चाक असतं, ११ क्लिक म्हणजे अंदाजे १ डिग्री, बारीक फरक त्यानंच करायचा, क्लॅम्प प्रत्येक वेळी सोडायचा नाही. बॉडी पूर्ण फिरवावीच लागली तर लक्षात ठेवा, रोटर वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून बॉडी घड्याळाच्या दिशेनं फिरवली की टायमिंग पुढे जातं.

चेन शेवटी पाहा, कारण ती महाग आणि मेहनतीची. कॅप काढा, क्रँक हातानं एका दिशेनं फिरवून थांबा, मग उलट फिरवा आणि रोटर हलायला लागेपर्यंत पुलीवर किती डिग्री गेल्या ते पाहा. थोडा ढिलेपणा प्रत्येक इंजिनात असतो, ८-१० डिग्री गेल्या तर चेन, टेन्शनर आणि डिलकोचा ड्राइव्ह गियर तिघांना पाहायची वेळ झाली. डिलकोचा बुश नवीन असूनही स्लोमध्ये खूण नाचत असेल तर बहुतेक इथेच असतं.

आता उन्हाळा, कारण नवतप्यात माझ्याकडे सगळ्यात जास्त फोन याचेच येतात. डिसेंबरात न वाजणारी गाडी ४५ डिग्रीत रामटेकच्या गडावर चढताना नॉकिंग करते, यात टायमिंग सरकलेलं नाही. आत जाणारी हवाच गरम आहे. दोन डिग्री मागे घ्या, त्यापेक्षा जास्त नाही. नॉकिंग बंद होईपर्यंत मागे नेत गेलात तर जळण उशिरा होतं, सगळी उष्णता एक्झॉस्टमध्ये आणि हेडमध्ये जाते, आणि सीताबर्डीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी उकळते. मग रेडिएटर साफ करा, पंखा मोठा लावा, असा खर्च सुरू होतो आणि मूळ कारण डिलकोतच बसलेलं असतं.

गरम झाल्यावर बंद पडून गार झाल्यावर सुरू होत असेल तर टायमिंगला हात लावूच नका. बंद पडल्या पडल्या प्लगची वायर काढून ब्लॉकपासून ५-६ मिमी धरा (इन्सुलेटेड पक्कडनं) आणि स्टार्टर मारा. ठिणगी पिवळी, मरतुकडी असेल तर आधी कंडेन्सर (पॉइंटला जोडलेली छोटी डबी) मग कॉइल (ठिणगीचा करंट बनवणारी). कंडेन्सर तपासायला जुना काढून टाकायची गरज नाही, चांगला कंडेन्सर बाहेरून कॉइलच्या डिलकोकडे जाणाऱ्या टर्मिनलला जोडा आणि त्याची बॉडी अर्थ करा, जुन्याची आतली तार सोडून ठेवा, अ‍ॅम्बेसेडरचा चालतो यासाठी. ठिणगी निळी आणि कडक असेल तर प्रश्न पेट्रोलचा आहे. या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, त्यामुळे गाडी बंद केली की फ्लोट बाउलमधलं पेट्रोल उकळतं, उष्णतेपासून वाचवणारा पत्रा जागेवर आहे का पाहा, बऱ्याच गाड्यांत तो कोणीतरी काढून टाकलेला असतो. २०२५ पासून पंपांवर इ२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे, त्यानं मिक्श्चर पातळ होतं, आणि पातळ मिक्श्चरची गाडी हुबेहूब मागे गेलेल्या टायमिंगसारखी वागते, जड, गरम, फटाके मारणारी. तीन आकडे बरोबर असूनही गाडी अशी वागली तर एसयू कार्ब्युरेटरच्या जेटचा नट थोडा खाली करून पाहा, आणि जुने रबरी पाइप बदला, इथेनॉल त्यांना खातं.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन (पॉइंटऐवजी सेन्सरवालं किट) टाकू का, हे प्रत्येकजण विचारतो. टाका, मला विरोध नाही, टाचेची झीज कायमची संपते. पण बुश गेलेल्या डिलकोत नका टाकू, शाफ्ट हलतोच आहे तर सेन्सरसमोरचं चुंबकही हलणार आणि खूण नाचतच राहणार. १९६७ पर्यंतच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेल्या) आहेत, त्यांना वेगळं किट लागतं, उलटं जोडलं की क्षणात जळतं. आणि रेडिओ ऐकायला चावी ऑन ठेवून बसायची सवय सोडा, पॉइंट असो की किट, कॉइलसकट तापतं. लांब जाताना जुनी पॉइंटची बेस प्लेट कंडेन्सरसकट लावून तयार करून डिकीत ठेवा, कोंढाळीच्या पुढे रात्री किट गेलं तर स्क्रू ड्रायव्हरनं ती बसवून घरी येता येतं.

नवीन पॉइंट टाकल्यावर टाच कॅमवर बसेपर्यंत सुरुवातीला थोडी झिजतेच, म्हणून ५०० ते ८०० किलोमीटरनंतर ड्वेल एकदा परत मोजा आणि गॅप लावा, तेव्हाच टायमिंगही पाहा आणि दोन्ही आकडे तारखेसकट वहीत लिहा. त्यानंतर माझ्या गाडीत ड्वेल ६० वर बसला तो अजून ६१ च्या वर गेला नाही.